गांजाची तपासणी आणि प्रयोगशाळेची परीक्षा

न्हावा शेवा बंदरात एखाद्या कंटेनरमध्ये वाळलेली संशयास्पद वनस्पती सापडली, तर ती गांजा आहे की नाही, याचा निर्णय केवळ अधिकाऱ्याच्या नजरेवर होत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तेथील अहवाल न्यायालयात पुरावा ठरतो. आरोपीचे स्वातंत्र्य त्या कागदावर अवलंबून असल्याने प्रयोगशाळेची परीक्षा कोण घेते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा म्हणजे कॅनाबिस वनस्पतीचे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. एक किलोपर्यंतच्या गांजासाठी कमाल एक वर्षाची कैद होऊ शकते. व्यापारी प्रमाणासाठी, म्हणजे २० किलोहून अधिक गांजासाठी, किमान १० व कमाल २० वर्षांची. शिवाय जामीन मिळणेही कठीण. साहजिकच ओळखीतील चूक महागात पडते.

तपासणीत वनस्पतीवरील विशिष्ट केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. पाठोपाठ रंगपरीक्षा होते. पण ती प्राथमिकच, कारण इतर काही पदार्थही तसाच रंग देऊ शकतात. म्हणून टीएचसी या नशाकारक घटकाची खात्री गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या उपकरणाने करावी लागते.

ही कामे विश्वासार्ह रीतीने होतात का, हे ‘आयएसओ/आयईसी १७०२५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाहिले जाते. भारतात हे मानांकन ‘एनएबीएल’ देते. उपकरणांचे अंशांकन, प्रमाणित संदर्भ-द्रव्ये, कर्मचाऱ्यांची क्षमता, निःपक्षपातीपणा आणि नोंदी यांची तपासणी होते. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन उत्तरे जुळतात का, हेही पडताळतात. २०२० मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेल्या मानांकित महसूल प्रयोगशाळांत न्हावा शेवाची प्रयोगशाळाही होती. अमेरिकेत गांजाविक्रीस परवानगी देणाऱ्या अनेक राज्यांनीही प्रयोगशाळांसाठी हेच मानक बंधनकारक केले आहे.

मोजमापातील अनिश्चितता नोंदवणे, ही या मानकाची कळीची अट. २०२१ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या हेम्प बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतच टीएचसी चालते. अहवालात ५.२ आले आणि अनिश्चितता ०.४ असेल, तर खरा आकडा मर्यादेच्या आत असू शकतो. अनिश्चितता नोंदवलीच नसेल, तर हे समजणार कसे?

मात्र मानांकन म्हणजे सरसकट हमी नव्हे. ते प्रयोगशाळेच्या इमारतीला नव्हे, तर नेमून दिलेल्या चाचण्यांना लागू असते. संबंधित चाचणी त्या यादीत आहे का, हे पाहावेच लागते. दुसरे असे की, प्रयोगशाळा हाती आलेल्या नमुन्याविषयीच बोलू शकते. तो नेमका जप्त मालातलाच आहे, याची खात्री सीलबंदी आणि नोंदींनी द्यायची असते. त्यासाठीच २०२२ च्या नियमांनी नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष घेण्याचे बंधन घातले. नमुना घेण्यापासून अहवालापर्यंतचा प्रत्येक टप्पा तपासता आला, तरच त्यावर दिलेला निकाल न्याय्य ठरतो.