माणशी सव्वा गुंठा

पिंपरी-चिंचवडमधल्या दापोडीत गुंठ्याचा विषय निघाला की बोलणं भावावर जातं. त्यात गहू किती पिकेल, हे कुणी विचारत नाही. आपण विचारू.

एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतला कामगार डब्यातच चार चपात्या नेतो. पण शहरात तान्ही बाळं आहेत, भाकरीवाले आहेत, भातवाले आहेत. म्हणून माणशी दिवसाला चारच धरू. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या घरात होती. म्हणजे रोज ६९ लाख चपात्या. एक चपाती दीड मिलिमीटर जाड धरली, तर चळत दहा किलोमीटरच्या वर जाते. एव्हरेस्ट पावणेनऊ किलोमीटरच्या जरा वर. ही चळत रात्री निजानीज होईतो फस्त होते आणि पहाटे पुन्हा तवे चढतात.

एका चपातीला तीस ग्रॅम कणीक. वर्षाचा गहू झाला साडेपंचाहत्तर हजार टन. देशाचा सध्याचा उतारा हेक्टरी साधारण साडेतीन टन, म्हणजे २१६ चौरस किलोमीटर शेत हवं. आणि महापालिकेची हद्द? १८१. भोसरीचे कारखाने, निगडीच्या सोसायट्या, नाशिक फाट्याचा उड्डाणपूल, सगळं उखडून गहू पेरला तरी चपात्या कमीच पडतील. डाळ, तेल, दूध तर अजून हिशेबात आलेलंच नाही.

माणशी हे शेत पडतं सव्वा गुंठा. १९५०-५१ मध्ये गव्हाचा उतारा हेक्टरी ६६३ किलो होता. त्या हिशेबाने माणशी साडेसहा गुंठे लागले असते. १९५१ ते २०११ या साठ वर्षांत देशाची लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर गेली, तर धान्य पाच कोटी टनांवरून चोवीस कोटींच्या पुढे. इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ मध्ये याच्या नेमकं उलट भाकीत केलं होतं. संकरित बियाणं, खत आणि कालव्याचं पाणी त्याच्या गणितात नव्हतं.

शहर मात्र थांबत नाही. २००१ ते २०११ मध्ये इथं सुमारे सात लाख माणसं वाढली. नुसत्या त्यांच्या चपात्यांना नव्वद चौरस किलोमीटर, म्हणजे निम्मं शहर. तेवढी जमीन इथं मोकळी असती, तर तिच्यावर बिल्डरचा फलक कधीच लागला असता. आपलं शेत कुठं आहे ते किराणा दुकानातल्या पोत्यावर लिहिलेलं असतं : सिहोर, मध्य प्रदेश.