विजेची शेगडी : सोय हवी, सावधपणही हवे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडेच होता. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, हा त्यांचा आग्रह होता. आज ती वीज आपल्या ओट्यावर आली आहे. गॅस संपला की शेगडी निघते. पण भगिनींनो, ती टीव्ही-पंख्याच्या प्लगवर लावू नका!

हिशेब साधा आहे. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. लहान सॉकेट ६ अँपिअरचे. मग वायर तापते, प्लग वितळतो. आणि एका खोलीच्या घरात त्याच भिंतीशी मुलांचे अंथरूण असते. म्हणून १६ अँपिअरचे सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्या. घर भाड्याचे असले तरी मालकाकडे तशी मागणी जरूर करा.

उघड्या तारेच्या शेगडीवर भांडे ठेवताना-उतरवताना आधी बटण बंद करावे. दूध उतू गेले तरी तेच. इंडक्शनवर ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटते तेच चालते. भांडे उतरल्यावरही काच तापलेली असते. लेकरांना दूर ठेवा.

कुणाला शॉक लागला तर त्याला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करा. आग लागली तरी आधी मेन स्विच. चालू विजेवर पाणी ओतू नका. तथागतांनी शिकवलेला अप्रमाद म्हणजे सावधपण. तो विहाराइतकाच ओट्यापाशीही पाळायचा आहे. आजच घरातला प्लग तपासा. जयभीम!