शाळेतल्या कार्यशाळेचा पैसा

नववी ते बारावीच्या व्यवसाय शिक्षणाला सरकारी व अनुदानित शाळांमध्ये मुख्यतः 2018 पासूनच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून निधी मिळतो. महाराष्ट्रात त्यातला 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. राज्य दरवर्षी आराखडा पाठवते आणि केंद्राच्या मंजुरीनंतर पैसे सुटतात.

खर्चाचे दोन भाग असतात. यंत्रे, अवजारे, प्रयोगशाळा हा एकदाचा. प्रशिक्षकाचे मानधन, कच्चा माल, क्षेत्रभेटी आणि पाहुण्या कारागिरांची व्याख्याने हा दरवर्षीचा. खरी परीक्षा दुसऱ्या भागाची. वेल्डिंग मशीन वर्षानुवर्षे टिकते, पण वेल्डिंग रॉड, वायर, पत्रा, स्क्रू रोज संपतात. कच्च्या मालाचे पैसे उशिरा आले की मुले वहीत आकृत्या काढत बसतात, आणि तेवढ्याने हाताला वळण लागत नाही. प्रशिक्षकही बहुतेक ठिकाणी बाह्य संस्थांमार्फत, कंत्राटी. त्यांचे मानधन रखडणे हा मुलांवरचाच अन्याय आहे.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने (स्थापना 1983, डॉ. श्रीनाथ कलबाग) वेगळी वाट दाखवली: मुलांनी गावाला लागणारी कामे करावीत आणि त्याचे मोल घ्यावे. फेरोसिमेंटची टाकी, विजेची जोडणी, माती परीक्षण, सगळे शिकता शिकता.