घरात वाचायला जागा कुणाला?

आजचा विषय तसा साधा आहे. चांगलं पुस्तक आणि ते निवांत वाचायला घरातली एक जागा. आता तुम्ही म्हणाल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस खुर्ची आणि दिव्यावर काय बोलणार? बोलणार आहे, पण थोड्या वेळानं. आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात कोण वाचत बसलं असताना त्याला कुणी हाक मारत नाही? आणि कोण वाचत बसलं की दोन मिनिटांत हाक येते? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की वाचनाच्या कोपऱ्याचा अर्धा विचार झाला असं समजा.

आपल्या घरांत वाचनाची जागा पूर्वी नव्हती असं नाही. चातुर्मासात किंवा सप्ताहात पोथीचं पारायण बसायचं, ते आठवा. जागा ठरलेली, बहुधा देवघरापाशी. आसन ठरलेलं, वेळ ठरलेली, रोज किती अध्याय तेही ठरलेलं. वाचणारा मध्येच उठायचा नाही आणि त्याला कुणी उठवायचंही नाही. दारावर कुणी आलं तर दुसरं कुणी बघायचं. म्हणजे बघा, एका माणसाचं वाचन सगळं घर सांभाळत होतं. आजच्या भाषेत त्याला वाचनकोपरा म्हणता येईल. त्यात सजावट फारशी नव्हती, नियम मात्र पक्का होता.

मग अडचण कुठे आली? पोथीला मिळालेला हा मान कादंबरीला, चरित्राला, प्रवासवर्णनाला मिळाला नाही. पोथी वाचणं हे काम, आणि कादंबरी वाचणं म्हणजे रिकामपण, अशी विभागणी झाली. त्यातही पुरुष पेपर वाचत बसला तर तो वाचतोय. बाई पुस्तक घेऊन बसली तर ती नुसती बसलीय.

याची मोठी साक्ष आपल्याच साहित्यात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले आपल्या जिल्ह्यात, निफाडला, १८४२ साली. १८७३ मध्ये रमाबाई लग्न होऊन त्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना स्वतः शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मान्य नव्हतं, आणि त्या विरोधाचे चटके रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालच्या पुस्तकात लिहून ठेवलेत. घर मोठं होतं, जागेची वाण नव्हती. पुस्तक घेऊन बसायची मुभा तेवढी नव्हती. पुढे रानड्यांची बदली नाशिकला झाली, पुण्याच्या घरातली ती करडी नजर लांब राहिली.

इंग्लंडमध्ये व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली मांडलं, की लिहायचं असेल तर बाईला हक्काचे पैसे आणि स्वतःची खोली हवी. लिहिण्याच्या बाबतीत ते पटतं. वाचनाला मात्र अख्खी खोली लागतेच असं नाही, आणि याला उदाहरण आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली होती. त्यातच स्वयंपाक, त्यातच सामान, त्यातच झोपणं. वडील, रामजी सुभेदार, काय करायचे? मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोनच्या सुमारास त्याला उठवायचे. मग त्या झोपलेल्या खोलीत रॉकेलच्या दिव्यावर मुलाचा अभ्यास चाले. खोलीत कोपरा काढता येईना, म्हणून त्या बापानं रात्रीतून कोपरा काढून दिला. पुढे १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते पुस्तकांना पुरेल अशा बेतानं. आपण कौतुक राजगृहाचं करतो, ते करावंच. पण त्याची पहिली वीट परळच्या त्या जागरणात आहे.

आता हे सगळं कशासाठी? पुस्तक काय, बसमध्येही वाचता येतं. खरं आहे. पण बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन सांगतात. लक्षात घ्या, हा संवाद घरातला आहे, नवरा-बायकोमधला. यातलं श्रवण कुठेही होतं. मननाला मात्र सलग वेळ लागतो. चांगल्या पुस्तकाचा आनंद बराचसा पान उलटण्याआधी आपण थांबतो, मान वर करतो, त्या क्षणात असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा आता मोकळाच आहे. आणि नेमकी तेव्हा हाक येते! म्हणून मी म्हणतो, वाचनाचा कोपरा हा आधी घरातल्या माणसांमधला करार असतो. लाकूडकाम नंतर.

तर करार झाला असं धरून आता लाकूडकामाकडे येऊ. खिडकीजवळची जागा घ्या, पण तोंड उन्हाकडे नको. उजव्या हातानं टिपणं काढत असाल तर उजेड डावीकडून, खांद्याच्या मागून यावा, म्हणजे हाताची सावली पानावर पडत नाही. रात्री खोलीतला दिवाही चालू ठेवा; काळोखात फक्त पानावर झोत टाकला की डोळे लवकर शिणतात. आमच्या वयाच्या मंडळींनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. पुष्कळांचं वाचन कंटाळ्यानं सुटत नाही, डोळ्यांमुळे सुटतं. बसायला आरामखुर्ची, गादी-लोड, झोपाळा, काहीही चालेल. पाठीला टेकण आणि पुस्तकाला आधार हवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, मग बुरशी येते आणि कसर लागते. भिंत आणि कपाट यांत चार बोटं अंतर ठेवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवायची जुनी पद्धत आहेच. पण पुस्तक अधूनमधून काढून चाळणं, हवा लागू देणं, हा त्याहून चांगला उपाय.

आणि सगळी पुस्तकं विकत घ्यायला हवीत असंही नाही. आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. परत करायची तारीख असली की पुस्तक वाचून होतं, हा त्याचा आणखी एक फायदा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम नाशिकमध्येच सुरू केला. ग्रंथांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. पाचगणीजवळच्या भिलार गावानं तर घरंच उघडली. ४ मे २०१७ रोजी तिथे पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा २५ ठिकाणी पुस्तकं मांडली होती, त्यांतली कितीतरी ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं. अनोळखी पाहुणा ओसरीवर बसून वाचतो आणि घरचे त्याला वाचू देतात. पाहुण्याला जे देता येतं, ते आपल्या घरच्या माणसाला द्यायला काय हरकत आहे?

म्हणून एक छोटं काम सांगतो. आज घरी गेल्यावर विचारा, आपल्यापैकी कुणाला वाचायला जागा नाही? बायको असेल, सून असेल, दहावीचा नातू असेल, किंवा ज्यांना आता अक्षर दिसत नाही अशी आई असेल. तिला तर कुणीतरी वाचून दाखवायला हवं. त्या माणसासाठी रोज अर्धा तास ठरवा. त्या अर्ध्या तासात चहा दुसऱ्यानं करायचा, दार दुसऱ्यानं उघडायचं, कुकरच्या शिट्या दुसऱ्यानं मोजायच्या. खुर्ची पुढच्या महिन्यात आणली तरी चालेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.