तीन रात्री, सहा आकडे

लघुग्रहाचा फोटो काही देखणा नसतो. काळ्या चौकटीत शे-दोनशे पांढरे ठिपके, आणि थोड्या वेळाने काढलेल्या दुसऱ्या फोटोत त्यातला एकच ठिपका किंचित सरकलेला. तो ठिपका पकडण्यासाठी सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली उन्हाळ्याच्या सुट्टीतले पाच-सहा आठवडे रात्री दुर्बिणीपाशी जागतात आणि दिवसा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितात. अमेरिकेतल्या या उपक्रमाचं नाव ‘समर सायन्स प्रोग्रॅम’. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत, पहिला-दुसरा नंबर नाही. तिघातिघांचा एक गट, प्रत्येक गटाला पृथ्वीच्या वाटेजवळून जाणारा एक लघुग्रह आणि एकच काम: त्याची कक्षा काढा.

इतिहास थोडक्यात असा. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि आपली मुलं विज्ञानात मागे पडतील, या धास्तीने अमेरिकेतल्या शाळा खडबडून जाग्या झाल्या. १९५९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावच्या थॅचर स्कूलमध्ये पहिली तुकडी बसली. सुरुवातीला फक्त मुलगे असत. दीर्घिकांच्या गुच्छांची प्रसिद्ध यादी करणारे जॉर्ज एबेल यांनी तिथे अनेक उन्हाळे शिकवलं. पुढे थॅचर स्कूल सुटलं, माजी विद्यार्थ्यांनी संस्था हातात घेतली आणि न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोसारख्या ठिकाणी आणखी केंद्रं निघाली. छायाचित्रण-काचा गेल्या, डिजिटल कॅमेरे आले. लॉगॅरिथमची कोष्टकं आणि खडखडणारी यांत्रिक गणकयंत्रं गेली, लॅपटॉप आले. गणित मात्र तेच राहिलं, आणि या उपक्रमात खरं रमण्यासारखं काही असेल तर ते हे गणितच.

त्याची गोष्ट १ जानेवारी १८०१ ला सुरू होते. पालेर्मोच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांना एक नवा ठिपका दिसला. त्याचं नाव सेरेस ठेवलं गेलं. सुमारे सहा आठवडे वेध घेतल्यावर पियाझ्झी आजारी पडले, आणि मग सेरेस सूर्याच्या उजेडात हरवला. तो पुन्हा कुठे उगवेल हे सांगण्याइतका पुरावा कुणापाशी नव्हता. चोवीस वर्षांच्या गणिती गाऊसने त्या तुटपुंज्या वेधांवरून कक्षा काढली, आणि वर्ष संपता संपता फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञांना व दुसऱ्या दिवशी ओल्बर्स यांना सेरेस त्याने सांगितलेल्या भागातच सापडला.

अडचण समजायला सोपी आहे. दुर्बीण दिशा सांगते, अंतर सांगत नाही. रात्री घाटात समोरून येणारा एकच दिवा जवळच्या मोटरसायकलचा की लांबच्या, एक दिवा गेलेल्या ट्रकचा, हे पटकन कळत नाही, तसं. एका रात्रीच्या वेधातून दोन आकडे मिळतात: विषुवांश आणि क्रांती, म्हणजे जणू आकाशातले रेखांश-अक्षांश. कक्षा पूर्ण सांगायला सहा आकडे लागतात. म्हणून किमान तीन वेध हवेत. सूर्य आणि लघुग्रहाच्या तिन्ही जागा एकाच प्रतलात असणार, आणि समान काळात समान क्षेत्रफळ हा केपलरचा नियम पाळला जाणार, या दोन गोष्टी धरून गाऊसची रीत अंतराचा पहिला अंदाज बांधते. त्यासाठी आठव्या घाताचं समीकरण सोडवावं लागतं. त्याची एकाहून अधिक उत्तरं निघू शकतात. एखादं उत्तर लघुग्रहाला जवळजवळ पृथ्वीच्याच जागी आणून बसवतं, दुसऱ्यात त्याचं अंतर ऋण येतं. कुठलं उत्तर टाकायचं आणि कुठलं ठेवायचं, हे मुलांनीच ठरवायचं.

मग खरी चक्की सुरू होते. पहिल्या अंदाजावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर सुधारायचं, सुधारलेल्या अंतरावरून पुन्हा वेग. मध्येच प्रकाशही हिशेब मागतो. लघुग्रह साडेचार कोटी किलोमीटरवर असेल, तर फोटोत दिसतो तो त्याचा अडीच मिनिटांपूर्वीचा ठावठिकाणा. तेवढ्या वेळात तो चारेक हजार किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे अंतर बदललं की वेळ बदलायची, वेळ बदलली की अंतर. आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या चालू.

निदान स्थिरावायला हवेत. पण कधी प्रोग्रॅम भलतेच आकडे ओकतो, आणि लघुग्रह सूर्यमालेबाहेर निघून जातो. चूक शोधताना न्यूटन-केपलरपेक्षा फार किरकोळ जागी ती सापडते. विषुवांश तासांत मोजतात, एक तास म्हणजे पंधरा अंश, आणि पायथनच्या साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. व्यस्त साइन कोन कुठल्या चरणात आहे ते सांगत नाही, त्यामुळे कक्षेचा अर्धा भाग उलटा होऊ शकतो. सगळ्यांत खट्याळ चूक उणे चिन्हाची. क्रांती ‘उणे शून्य अंश बारा कला’ असेल, तर अंशाचा रकाना पूर्णांक म्हणून वाचला की उणे शून्य म्हणजे शून्यच. चिन्ह गळून पडतं आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेचा लघुग्रह गुपचूप उत्तरेला जातो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही. प्रत्येक ओळ बरोबर चालते आणि उत्तर चुकतं. शाळेच्या पुस्तकातलं उदाहरण असा धडा देऊ शकत नाही, कारण तिथे आकडे आधीच धुऊनपुसून ठेवलेले असतात.

इकडे मुंबईत ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड झालं. तिथल्या मुलांची तयारी थक्क करणारी असते, पण ऑलिंपियाडच्या प्रश्नाचं उत्तर प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असतं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेत शाळकरी मुलांना सुट्टीत आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली धाडण्याची पद्धत आहे. जात ती समर सायन्स प्रोग्रॅमच्या जवळची, मुदत मात्र फार तोकडी. आठवड्याभरात चूक करता येते, ती शोधून काढायला दिवस उरत नाहीत.

समर सायन्स प्रोग्रॅमच्या मुलांचे वेध अखेर मॅसॅच्युसेट्समधल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. जगभरातल्या लघुग्रहांच्या वेधांची नोंद तिथे होते. हा भाग शोभेचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीला सापडलेला २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत तीन टक्क्यांच्या वर गेली, आणि आणखी वेध आले तशी काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर उतरली. ती धास्ती उतरवली ती पाठपुराव्याच्या मोजमापांनी.

तरी काळजीची कारणं वाढताहेत. जुनी अडचण हवामानाची. न्यू मेक्सिकोत जुलैमध्ये पावसाळी ढग उठतात, संध्याकाळी विजा कडाडतात आणि दुर्बिणीचा घुमट बंदच राहतो. तीन वेध हवेत आणि आकाश दोनच देतं. त्यावर उपाय म्हणजे दुसरीकडच्या दुर्बिणीवर वेळ मागणं, आणि वाट पाहणं.

नवी अडचण चिलीतल्या रुबिन वेधशाळेची. जून २०२५ मध्ये तिने पहिली चित्रं दाखवली तेव्हा जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह निघाले होते. त्यातले सात पृथ्वीनिकट. असं यंत्र रोज रात्री आकाश विंचरणार असेल, तर तिघा मुलांच्या तीन वेधांना कोण विचारणार? याचं अर्धं उत्तर भूगोल देतो. दक्षिण गोलार्धातल्या रुबिनला उत्तरेचं बरंचसं आकाश दिसत नाही, आणि जवळून वेगाने जाणाऱ्या लघुग्रहावर लक्ष ठेवायला ठिकठिकाणच्या दुर्बिणी लागतातच. उरलेलं अर्धं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

गणिताचंही तसंच. नासाच्या जेपीएलच्या ‘होरायझन्स’ या सेवेकडून ज्ञात लघुग्रहाची कक्षा क्षणात मिळते. गाऊसच्या रीतीचा प्रोग्रॅम आज एखादा चॅटबॉटही लिहून देईल, आणि उणे शून्याचा सापळा कदाचित मुलांना दिसण्याआधीच टाळेल. तेव्हा मुलांनी त्यात पडायचं की नाही, हे शिकवणाऱ्यांना ठरवावं लागेल. पडावं, असं या लेखाचं मत. पण घरी परतल्यावर ज्या कॉलेजांच्या अर्जांत हा उपक्रम लिहायचा असतो, ती कॉलेजं निकाल बघतात, सापळे मोजत नाहीत. अमेरिकेत भरमसाट फी घेऊन शाळकरी मुलांना ‘संशोधन’ मिळवून देणारी दुकानं निघाली आहेत ती यामुळेच.

समर सायन्स प्रोग्रॅमच्या संस्थेला पैशाची चिंता सध्या नाही. १९६९ च्या तुकडीतले फ्रँकलिन अँटोनियो पुढे क्वालकॉम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. २०२२ मध्ये ते वारले आणि मृत्युपत्राने त्यांनी सुमारे २० कोटी डॉलर या उपक्रमाला ठेवले. जीवरसायन आणि जनुकशास्त्राच्या तुकड्याही आता चालतात. निवडक मुलांनाच प्रवेश मिळतो, परवडत नाही त्यांना आर्थिक मदत मिळते. तरीही खगोलाच्या तुकडीत बसण्याआधी कॅल्क्युलसच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेलं असावं लागतं, आणि तिथवर नेणारं गणित शिकवणारी शाळा प्रत्येक गावात नसते. अँटोनियोंच्या पैशांतून तुकड्या वाढवता येतील. त्या शाळा उभ्या करणं या संस्थेच्या हातात नाही.