नळीमाशांचे मत्स्यालयातील संगोपन

नळीमासा (पाइपफिश) हा सिंग्नॅथिडी कुलातील, मुख्यतः सागरी मासा असून समुद्रघोडा याच कुलात मोडतो. काटकुळे लांब शरीर, नळीसारखे मुस्कट आणि खवल्यांऐवजी हाडांच्या कड्यांचे आवरण ही त्याची ओळख होय. अनेक देशांत तो प्रवाळ असलेल्या घरगुती मत्स्यालयात पाळला जातो. मात्र त्याचे संगोपन अवघड मानले जाते आणि भारतात त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

शरीररचना आणि आहार

नळीमाशाला दात व जठर नसतात. तो भक्ष्य तोंडाने ओढून सबंध गिळतो. जठराअभावी अन्न साठवता येत नसल्याने त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी जीव हे त्याचे नैसर्गिक अन्न होय. समुद्रातून पकडलेले मासे बहुधा हलणारे भक्ष्यच टिपतात व कोरडे खाद्य नाकारतात. त्यामुळे त्यांना दिवसातून अनेकदा आर्टेमियाची पिले किंवा तत्सम जिवंत खाद्य द्यावे लागते. नव्या टाकीत सूक्ष्मजीवांची वस्ती नसते. ती वाढण्यास काही महिने जातात. घाईने सोडलेले नळीमासे अनेकदा उपासमारीने मरतात.

टाकीतील सोबती

नळीमासा संथ पोहतो. चपळ मासे त्याच्याआधी खाद्य फस्त करतात. समुद्रफुले, दंश करणारे प्रवाळ व मोठे खेकडे त्याला इजा करू शकतात. पंपाच्या शोषमुखावर जाळी बसवणे आवश्यक असते.

पाणी आणि हवामान

पाण्याची क्षारता दर हजारी सुमारे ३५ भाग व तापमान साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस ठेवतात. दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून खूप दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यासारख्या भागात शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ विरघळवूनच खारे पाणी तयार करावे लागते. विंधन विहिरीचे पाणी जड असते व जिल्ह्याच्या काही भागांत त्यात फ्लोराइडही आढळते. म्हणून ते थेट वापरत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जात असल्याने पाणी थंड ठेवणारे यंत्र लागते. वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास पाणी तापते, त्यातील प्राणवायू घटतो व मासे दगावू शकतात.

प्रजनन

मादी आपली अंडी नराच्या स्वाधीन करते. जातीनुसार नर ती पोटाच्या किंवा शेपटीच्या खालच्या बाजूस, काही जातींत पिशवीत, पिले बाहेर पडेपर्यंत वाहतो. पिले अतिसूक्ष्म असल्याने त्यांना वाढवणे प्रौढ मासे सांभाळण्याहून कठीण असते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सिंग्नॅथिडी कुलातील सर्व जातींचा समावेश करण्यात आला. प्रवाळभित्ती घडवणारे प्रवाळही त्याच वर्षी तिच्यात घेण्यात आले. त्यामुळे भारतीय समुद्रातील नळीमासे वा असे प्रवाळ परवानगीवाचून पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो. विक्रेत्याने मासा देऊ केला म्हणजे तो पाळणे कायदेशीर ठरते असे नाही. खरेदीपूर्वी वनविभागाकडे चौकशी करणे इष्ट असते.