दुसरा बार

चौगडची नरभक्षक वाघीण शिकारी जिम कॉर्बेटला दिसली तेव्हा दोघांत अंतर होतं आठ फुटांचं. साल १९३०. कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती, कारण त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचाही नाद. उजव्या हातात छातीशी तिरकी धरलेली .२७५ रिग्बी रायफल. ती त्याने एकाच हाताने, वाघिणीला कळणार नाही इतकी हळू वळवली आणि बार काढला. आपण कशामुळे वाचलो हे सांगताना तो अंड्यांच्या जोडीला हलक्या रायफलचंही नाव घेतो.

ती हलकी होती कारण ती एकनळी, बोल्ट ॲक्शनची होती. ॲक्शन म्हणजे रायफलचं पोट: काडतूस आत घ्यायचं, मागचं दार घट्ट लावायचं आणि बार झाल्यावर पुंगळी बाहेर टाकायची, ही सगळी कामं तिथे होतात. मोठ्या जनावरासाठी त्या काळचे साहेब दुनळी पसंत करत आणि कॉर्बेटकडेही .४५०/४०० ची दुनळी होतीच. दुनळी म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन बंदुका. पहिला बार हुकला तर बोट फक्त दुसऱ्या चापावर न्यायचं. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर जवळजवळ पडाव्यात म्हणून कारागीर नळ्यांमधली पाचर सरकवत, बार काढून बघत, पुन्हा सरकवत. ही मेहनत किमतीत दिसे आणि दुसऱ्या नळीचं ओझं खांद्याला कळे.

बोल्ट म्हणजे मागचं दार लावणारा दांडा. बोल्टवाल्याला दुसऱ्या बारासाठी चार हालचाली कराव्या लागतात: मूठ वर, मागे, पुढे, खाली. घाईत माणूस बोल्ट अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकतं. १८९८ च्या माउझरचं मोठेपण इथेच आहे. त्याचा लांबट पंजा मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तिथेच पकडतो आणि पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. कॉर्बेटची रिग्बी याच ॲक्शनवर बांधलेली.

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, वेगळ्या घराण्यातली. दार घट्ट धरणारे तिच्या बोल्टचे कान मागच्या बाजूला अडकतात, माउझरचे पुढे, नळीलगत. शिवाय लीचा बोल्ट कमी फिरवावा लागतो आणि हात सपासप चालतो. मात्र दाब आला की तो किंचित लवतो. सैनिकाला ते परवडतं. लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीची दांडी खाली-वर करून चालणारी रायफल, अमेरिकेतल्या झाडीत हरणांमागे फिरायला छान, पण नळकांड्यासारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या, बार पेटवणाऱ्या टोपीला टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या तिथे चालत नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय भारतात जवळजवळ संपवला. रायफलचा शौक उरला तो रेंजवर, आणि तिथे हिशेब उलटा. ५० मीटरच्या स्पर्धेत मॅगझिन चालतच नाही. प्रत्येक काडतूस हाताने भरायचं. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. नळीचं तोंड केसाच्या जाडीएवढं सरकलं तरी गोळी मध्यावरून वर्तुळाच्या कडेला जाते. म्हणून इथे सगळा जीव लॉक टाइममध्ये असतो: चाप सुटल्यापासून पिन टोपीवर आपटेपर्यंतचा वेळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात, आणि तेवढ्यातही छातीचा ठोका नेम हलवू शकतो. माउझरची जड पिन लांबून धावत येते; स्पर्धेच्या रायफलची पिन हलकी आणि तिची धाव आखूड. पंज्याची पकड, दणकटपणा, वेग हे शिकाऱ्याचे लाड इथे कुणी करत नाही. माझ्या मते दोन रायफलींची तुलनाच करायची, तर बार होण्याआधीचा क्षण महत्त्वाचा की नंतरचा, एवढंच विचारावं.

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून कांस्य पदक घेतलं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि मग उभ्याने मिळून ४४ बार. म्हणजे ४४ वेळा बोल्ट मागे, चिमटीत एक काडतूस, बोल्ट पुढे, आणि गाल पुन्हा दस्त्यावर.